कल्पक शिकवण्याची गरज दिंद्रुडलाच अधिक

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुड परिसरात कल्पक अध्यापनाचा विषय काढला की एक आक्षेप ठरलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्यांच्या गाड्या भरतात, पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. अशा पोरांना आधी लिहिता-वाचता येऊ द्या, पाढे पाठ करून घ्या. खेळ, नाटुकली, प्रकल्प हे शहरातल्या शाळांचे लाड आहेत. असं म्हणणाऱ्यांत शिक्षकही असतात, पालकही असतात. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं.

पाढे पाठ हवेतच, शुद्ध वाचनही हवंच. माझा विरोध आहे तो या मागणीच्या पोटातल्या समजुतीला. फडावरून आलेल्या पोराची पाटी कोरी आहे, असं धरून चाललं जातं. पाच महिने फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढलेल्या दहा वर्षांच्या मुलीला वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या मोजून विकता येतात, धाकट्याला सांभाळता येतं, गाडी काट्यावर गेली की किती टन भरली याकडे घरच्यांचं लक्ष का लागतं हेही कळतं. हे ओझं तिच्या वाट्याला यायलाच नको होतं. पण आलंय, आणि त्यातून तिला जे कळलंय त्याची वर्गात कुणी विचारपूसही करत नाही. तिच्या नावापुढे फक्त गैरहजेरी दिसते.

आता एक गणित फळ्यावर मांडून पाहू. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून ८०,००० रुपये उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. दर टनाला ३०० रुपये, दिवसाची तोड दोन टन. उचल किती दिवसांत फिटेल? भागाकार केला की १३४ दिवस येतात. इथे पुस्तकातलं गणित संपतं आणि वर्गातलं सुरू होतं. मध्येच किराण्याला घेतलेले पैसे कुठे धरायचे? अवकाळी पावसाने फड बंद राहिला तर? आई आजारी पडली तर? या प्रश्नांना बेरीज, वजाबाकी, भागाकार सगळं लागतं, आणि पाढे येत नसतील तर पोरगं अडतं. अडलं की स्वतःहून पाढे पाठ करतं. घोकंपट्टीवाल्यांना जे हवं आहे, ते याच वाटेने लवकर मिळतं.

हे स्वप्नरंजन आहे, असं कुणी म्हणेल. मग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला काय केलं ते आठवावं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली. शिकवण्याची साधनं परिसरातूनच घेतली. संपन्न शाळेत हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तिथे ही कल्पना सुचण्याचं कारणही नव्हतं. महाराष्ट्रातलं हे अस्सल कल्पक शिक्षण अभावातून उभं राहिलं आहे.

दुसरीकडे, नवोपक्रम म्हणजे रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळा, असं मानणारेही आहेत. त्यांचंही मला पटत नाही. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. पण मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी पाठ्यपुस्तकातला मजकूर त्या भाषेत नेला, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. यंत्र नंतर येतं. मूल कुठून आलंय हे आधी पाहावं लागतं.

त्यासाठी शिक्षकाला वेळ हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तरीही माहिती भरा, फोटो पाठवा, अहवाल द्या, यात दिवस जातो. त्यात राज्याने २०२३ मध्ये पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास करण्याची तरतूद परत आणली. फडावरून मार्चमध्ये परतणाऱ्या पोराला एप्रिलमध्ये नापास करणं हा शुद्ध अन्याय आहे. नापास झालेलं पोर पुढच्या हंगामात कोयता घेऊनच जाईल.

म्हणून दिंद्रुड परिसरातल्या पालकांना, शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि अधिकाऱ्यांना विनंती आहे. गाड्या भरायच्या आधी, सप्टेंबरातच, कोणती मुलं जाणार याची यादी करा. आजी-आजोबांकडे राहू शकतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह पहिल्या दिवसापासून सुरू करा, निधीची वाट पाहत डिसेंबर उजाडू देऊ नका. ज्यांना जावंच लागेल त्यांच्या हाती एक कोरी वही द्या, तिच्यात फडावरचा हिशेब आणि दिवसभराच्या गोष्टी लिहायला सांगा. ती मुलं परत आली की त्या वहीवरूनच धडा सुरू करा.