'लूट' हा आपल्याच बाजारातला शब्द

सण जवळ आला की वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या बाजारात कापडी फलक लागतात : 'महालूट', 'लूट सेल'. कोण कोणाला लुटणार, हे मात्र फलकावर लिहिलेले नसते!

इंग्रजीतही 'लूट' हे क्रियापद आहे आणि ते साहेबाकडून आपल्याकडे आले, असा पुष्कळांचा समज आहे. खरे उलटे आहे. संस्कृत 'लुण्ठ्' या धातूच्या कुळातला हा शब्द हिंदुस्थानीतून कंपनीच्या फौजेने उचलला. १७८८ साली लंडनमध्ये छापलेल्या हिंदी शब्दांच्या एका कोशात तो सापडतो. चीनचे अफूचे युद्ध आणि १८५७ चा उठाव यानंतर तो विलायतेत सर्वांच्या तोंडी बसला.

आमच्या जिल्ह्याला या शब्दाची ओळख जुनी आहे. पेंढारी येत तेव्हा लोक गढीचा आसरा घेत, आणि त्या लुटीला लूटच म्हणत. पुढची लूट वेगळी होती. वर्धा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. सारे कसे रीतसर, बोली लावून! तलवारीच्या लुटीपेक्षा कागदाची लूट ओळखायला कठीण, असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

आता आपल्या काट्याकडे पाहू. कापूस मोजताना ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे थोडा 'कडता' धरायचा आणि पावतीवर त्याचा उल्लेख करायचा नाही, याला काही आडतदार बाजाराची रीत म्हणतात. शेतकरी गाडी जुंपून परत जाताना काय म्हणतो, ते त्यांनी एकदा कान देऊन ऐकावे. ओलावा खरोखर असेल तर त्याच्यासमोर मोजा, भाव ठरवताना बोला आणि वजन पुरे लिहा.

मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो साहेबाने नेलाच नाही. संक्रांतीला बायका वाण 'लुटतात', म्हणजे वाटतात. आमच्या मनियार आणि भांडेवाल्या बंधूंना हे सांगायला नको. त्यांचा तो हंगामच असतो. फलकावर 'लूट' लिहायचीच असेल तर ती या अर्थाची लिहा, आणि आधी वाढवून मग कापलेली किंमत त्याखाली टांगू नका.