वकील दिला म्हणे!

गोदीत मुकादम नुसता ओरडला, ‘चला रे, सगळ्यांनी उचला!’ की गोणी जागची हलत नाही. तो नाव घेऊन सांगतो, ‘तू इकडून धर, तू तिकडून’, तेव्हा ती उठते. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, एवढी अक्कल आमच्या टोळीतल्या अंगठेबहाद्दरालाही आहे. कोर्टाला नसेल का? असेलच. पण गरिबाच्या पोराची पाळी आली की ही अक्कल गहाण पडते.

आमच्या गल्लीतलं पोरगं. वय सोळा. मोबाईल चोरल्याचा आळ. बाल न्याय मंडळानं दोषी धरलं आणि विशेष गृहात धाडलं. अपील झालं. कागदावर लिहिलं होतं, मोफत वकील नेमला. त्याची आई धुण्याभांड्याची चार घरं सोडून प्रत्येक तारखेला कोर्टाच्या पायरीवर बसायची. एकदा मी पाळी बुडवून तिच्यासोबत गेलो. ती मला म्हणाली, ‘भाऊ, वकील दिला म्हणत्यात. पर त्यो दिसतो कसा, येवढं तरी दावा मला.’

दोस्तांनो, मी दहावी पास हमाल. कविता लिहितो. पण या बाईच्या प्रश्नापुढं माझी एकही ओळ टिकली नाही.

वकील तिसऱ्या तारखेला दिसला. बगलेत फायलींचा गठ्ठा. पोराला तो कधी भेटला नव्हता. पोराचं नाव त्यानं फाईल उघडून वाचलं, तेही चुकीचं. चोरी झाली म्हणतात त्या वेळेला हे पोरगं रात्रशाळेत बाकावर बसलं होतं. हजेरीपटावर त्याची हजेरी आहे. तो हजेरीपट कोर्टापुढं आणायची परवानगी मागता आली असती. पण त्यासाठी आधी पोराला विचारावं लागतं, ‘तू तेव्हा कुठं होतास रे?’ हे एक वाक्य कुणी विचारलं नाही. दोन मिनिटांत अपील फेटाळलं. आणि कागद म्हणतो, बालकाला वकील देण्यात आला होता.

आता शहाणे म्हणतील, हा एखाद्या वकिलाचा आळस आहे, व्यवस्थेला कशाला शिव्या देता? त्यांच्यासाठी अमेरिकेतली गोष्ट सांगतो.

१९३१ सालचा मार्च. अलाबामा. मालगाडीवर चढून काम शोधत निघालेली नऊ काळी पोरं पोलिसांनी उतरवली. सर्वांत लहान दोघं बारा-तेरा वर्षांची. दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवला. बाहेर गोऱ्यांचा जमाव. आत स्कॉट्सबरोचं कोर्ट. न्यायाधीशानं त्यांना वकील दिला. कोण? गावातले सगळेच्या सगळे वकील! म्हणजे मुकादमाची तीच हाळी, ‘सगळ्यांनी उचला.’ खटल्याच्या सकाळपर्यंत एकाही माणसाचं नाव ठरलेलं नव्हतं. अटकेनंतर बाराव्या दिवशी खटला उभा राहिला आणि चार दिवसांत आठ जणांना मृत्युदंड.

ही पोरं खुर्चीवर बसवून मारली गेली नाहीत, कारण अपील झालं. ते फुकटच्या दयेतून झालं नाही. इंटरनॅशनल लेबर डिफेन्स ही डाव्या कामगारांची संघटना त्यांच्यामागं उभी राहिली. तिनं वकील दिले, मोर्चे काढले. दोघा पोरांची आई, एडा राइट, १९३२ मध्ये युरोपभर सभा घेत फिरली. ७ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केल्या. सांगितलं काय? असा वकील देणं म्हणजे वकील न देणंच.

पण टाळ्या वाजवू नका. त्यातला यूजीन विल्यम्स बघा. अटकेच्या वेळी तेरा वर्षांचा. तो अल्पवयीन आहे म्हणून अलाबामाच्याच वरिष्ठ कोर्टानं मार्च १९३२ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली. म्हणजे तो अपील जिंकला! आणि सुटला कधी? जुलै १९३७ मध्ये. फेरखटला न चालवता त्याला पाच वर्षं आणखी कोंडून ठेवलं. गजाआड गेला तेव्हा पोरगं, बाहेर आला तेव्हा बाप्या. कागदावरचा विजय आणि हातातली सुटका यांच्यात एवढं अंतर असतं.

दुसरे शहाणे म्हणतात, मुलांचं कोर्ट म्हणजे आईबापाच्या मायेचं घर, तिथं वकील कशाला? हीच माया १९६४ साली ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या पोराच्या वाट्याला आली. शेजारणीला फोनवर अचकट विचकट बोलल्याचा आरोप. प्रौढ माणसाला यासाठी फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. याला मात्र एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह! वकील नाही, साक्षीची नोंद नाही, आणि तिथल्या कायद्यात मुलाला अपीलच नाही. कैद बेकायदा आहे, असा अर्ज करत वर जावं लागलं. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठणकावलं, मुलालाही वकिलाचा हक्क आहे. मायेच्या नावानं कुणाचं तोंड बांधता येत नाही.

आपल्याकडं कायदा नाही काय? भरपूर आहे. १९७६ साली घटनेत ३९-अ कलम आलं: गरिबाला मोफत कायदेशीर मदत. १९७८ साली होस्कोट खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि फुकट द्या, ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील नेमा, पैसे सरकारनं भरावेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा. अनुसूचित जातीचा माणूस पात्र. मूल पात्र. म्हणजे आपलं पोर दोनदा पात्र! आणि दोनदा उपाशी.

२०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, मुलाला स्वतःचं म्हणणं मांडायचा हक्क आहे. मंडळाच्या आदेशावर बाल न्यायालयात अपील करायला मुदत तीस दिवसांची. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर कोर्ट पुढंही घेऊ शकतं. पण तिथं हरलात की दुसरं अपील नाही. उरते ती हायकोर्टात फेरतपासणी. म्हणून म्हणतो, या अपिलातली दोन मिनिटं पोराच्या आख्ख्या उमेदीची असतात. ती तुम्ही नाव चुकवण्यात घालवता?

पॅनेलवरचे वकील सांगतात, फी तुटपुंजी, फायली ढीगभर. मान्य. आम्हीही मजुरीसाठीच भांडतो. त्यांनी सरकारशी भांडावं, आम्ही त्यांच्या मोर्चात येऊ. पण फी कमी म्हणून मी बोटीतली गोणी अर्ध्यावर सोडली तर ती खालच्या माणसाच्या मानेवर पडते. इथं खाली पोरगं उभं आहे.

तेव्हा आमचं मागणं भीक नाही, हिशोब आहे. एक माणूस, नावानिशी. नेमणूक आदेश निघाला त्या आठवड्यात, तारखेच्या सकाळी नव्हे. आधी त्यानं गृहात जाऊन पोराला भेटावं, एकट्याला, आणि त्याच्या भाषेत निकाल वाचून दाखवावा. तो वकील पोराचा. मंडळाचा नाही, पोलिसांचा नाही, आईबापाचाही नाही.

आणि हे बघणार कोण? आपण. पुतळ्याला हार घालणारे हात खूप झाले. फाईल उघडणारे हात पाहिजेत. बाबासाहेब बॅरिस्टर होते, हे भिंतीवरच्या फोटोसाठी नाही. प्रत्येक वस्तीतून दोघं उठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, पोच घ्या. १५१०० हा मदतीचा नंबर आहे, तो फिरवा. वकिलाचं नाव विचारा. तो पोराला कधी भेटला, तारीख विचारा. नसेल भेटला तर तसं लिहून कोर्टाला द्या आणि दुसरा मागा.

आमच्या गल्लीतल्या पोराचे फेरतपासणीचे कागद आम्ही जमवतोय. हजेरीपटाची नक्कल मिळाली आहे. परवा मी आणि दोघं दोस्त त्याच्या आईला घेऊन वकिलाच्या दारात उभे राहणार आहोत. तो येईपर्यंत हलणार नाही. तिनं त्याचं तोंड बघितलं पाहिजे. आणि त्यानं तिच्या पोराचं नाव बरोबर म्हटलं पाहिजे.

सुरुवात एवढ्यापासून.