‘दुसरी पार्टी’ एकदा समोर आणा



तुमच्या रविवारच्या मालमत्ता पुरवणीत रिसेल फ्लॅटच्या बाजाराचं जे कौतुक छापून आलंय, ते वाचून गप्प बसवलं नाही. चांगल्या फ्लॅटला एकाच वेळी दोन-तीन गिऱ्हाइकं येतात, भाव चढतो, म्हणून घेणाऱ्याने फार विचार करत बसू नये, असा सल्ला त्यात आहे. सल्ला देणारे गृहस्थ स्वतः एजंट. ती दोन-तीन गिऱ्हाइकं घेणाऱ्याला कुठे बघायला मिळतात, तेवढं सांगायचं ते विसरले.

माझा मुलगा आणि सून कोथरूड भागात जुन्या सोसायटीतला फ्लॅट बघताहेत. जाहिरातीत भाव ८८ लाख. यांनी ८६ सांगितले. संध्याकाळी एजंटचा फोन : दुसरी पार्टी ९० ला तयार आहे. हे ९१ वर गेले, तर पार्टी ९३ वर. यांनी ९३ कबूल केले, तर पार्टी ९५ चं बोलून टोकनचा चेक घेऊन बसलेली. पार्टी कोण, तर ते सांगता येत नाही. मालकांशी एकदा बोलू द्या, तर मालक बाहेरगावी. मुलांनी नाद सोडला. आणि या आठवड्यात पुन्हा फोन, त्या पार्टीचं लोन झालं नाही, ९५ ला हवा असेल तर आजच टोकन द्या. पार्टी गेली, मग तिने चढवलेला भाव कसा काय मागे राहिला? ती नव्हतीच असं धरलं, तर मुलांच्या ९३ च्या शेवटच्या बोलीलासुद्धा कुणाची स्पर्धा नव्हती.

माझ्याकडे पुरावा नाही. असणार कसा? सगळा व्यवहार तोंडी, तोही एकाच माणसाच्या तोंडून.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकवला जातो. ८८ चे ९५ झाले, तर दोन्ही बाजूंकडून दोन-दोन टक्के धरूनही एजंटला वरचे २८ हजार मिळणार. तेवढ्यासाठी कोण खोटं बोलेल? ज्यांनी ‘नेट’चा व्यवहार पाहिलेला नाही, त्यांना हे पटेल. मालक म्हणतो, मला ८५ हातात दे, वरचं तुझं. मग चढलेला प्रत्येक लाख थेट एजंटच्या खिशात. घेणाऱ्याला मालकाशी बोलू का देत नाहीत, याचंही उत्तर त्यातच आहे. आमच्या बाबतीत तसंच होतं असा माझा दावा नाही. पण नव्हतं, हे मी कुणाला विचारायचं? शिवाय हाच माणूस घेणाऱ्याकडूनही दलाली मागतो. ज्याने माझ्याविरुद्ध भाव चढवला, त्यालाच मी त्या चढलेल्या भावावर टक्के मोजायचे!

महारेराकडे जा, असं सांगणाऱ्यांनी कायदा उघडून बघावा. रेरा कायद्याचं कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटांपुरतं आहे. नोंदणी नसेल तर रोज १० हजार रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. महारेराने २०२३ पासून एजंटांना परीक्षाही सक्तीची केली, हे चांगलंच झालं. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतला फ्लॅट विकून देणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. पुण्यातले अनेक मध्यमवर्गीय आयुष्य अशाच सोसायट्यांत काढतात. तिथे मात्र एजंट म्हणेल ती पूर्व दिशा. सरकारला घाई नसावी, कारण चढवलेल्या प्रत्येक लाखावर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क त्यालाही मिळतं.

माझी भाची डब्लिनला असते. आयर्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने एजंटला आलेल्या प्रत्येक बोलीची नोंद ठेवावी लागते आणि ती सहा वर्षं जपावी लागते. तिथेही खोट्या बोलींची कुजबुज आहेच, असं ती सांगते. पण तक्रार केली तर तपासायला कागद तरी असतो. आपल्याकडे एवढंच करावं : प्रत्येक बोली लेखी, तारीख-वेळेसह, आणि व्यवहार झाल्यावर ती वही घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांनाही बघायला खुली. व्हॉट्सॲपवर दिवसाला पन्नास फ्लॅटचे फोटो टाकणाऱ्यांना हे जड जाऊ नये. तोवर निदान नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतल्या आधीच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन फुकट बघता येते, ती बघूनच लोकांनी तोंडातून आकडा काढावा. तुमच्या पुरवणीने हे एका ओळीत तरी सांगायला हवं होतं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून. एजंटच्या तावडीतून सुटलं की सोसायटी गाठते. २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही, देणगीच्या नावाखालीही नाही. तरी मुलांनी पाहिलेल्या दुसऱ्या एका सोसायटीत सचिवांनी सरळ दोन लाख सांगितले. स्वेच्छेने द्यायचे आहेत म्हणे, पण दिल्याशिवाय ना-हरकत पत्र मिळणार नाही.

— एक वाचक, कर्वेनगर, पुणे