साठी उलटली तरी परांचीवर

येलदरीचे पूर्णेवरचे धरण 1968 साली पूर्ण झाले. त्या बांधाकडे पाहताना माझ्या मनात प्रश्न येतो तो तेथे राबलेल्या माणसांच्या वयाचा. बांधकामावर पोरसवदा मजूर वारंवार जखमी होतो. धोका ओळखण्याचा सराव त्याला नसतो. मुरलेला गवंडी सावध असतो, पण उतारवयात पडला तर दुखणे जिवावर बेतते. 1996 च्या कायद्याने लाभार्थी-नोंदणी 18 ते 60 वयापुरतीच ठेवली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच चौकट राखली. साठीला नोंदणी संपते, पोटाची गरज मात्र संपत नाही. म्हातारा पुन्हा परांचीवर चढतो. त्याला जमिनीवरचे काम आणि काम करील तोवर अपघाताचे संरक्षण, एवढे तरी आपण देणार की नाही?