औषध नाही म्हणून काम थांबवायचे?



दुर्मीळ आजारांची चर्चा कोट्यवधींच्या इंजेक्शनपाशी आणि लोकवर्गणीपाशी अडते. ज्यांवर औषधच नाही, ते आजार मागे राहतात. ‘एमएलसी’ हा मेंदूचा आनुवंशिक आजार त्यांपैकी एक; आणि त्याचा माग काढण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे.

मेंदूतल्या ताराकृती आधारपेशी पाणी व क्षारांचा तोल सांभाळतात. एमएलसीत तो ढळतो आणि मेंदूतले पांढरे द्रव्य पाण्याने फुगते. पहिल्या वर्षातच बाळाचे डोके मोठे दिसू लागते. पुढे चाल अडखळते, फिट येतात. डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानेही प्रकृती ढासळू शकते. एमआरआय पाहून धास्ती वाटावी, आणि मूल मात्र समोर खेळत असावे, असेही घडते.

मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये अगरवाल समाजातल्या अशा रुग्णांची माहिती मांडली. १९९५मध्ये नेदरलँड्सच्या डॉ. व्हान डर क्नाप यांनी अशाच आठ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. २००१मध्ये या आजाराचे जनुक सापडले. २००४मध्ये सिंघल आणि परदेशी संशोधकांच्या संयुक्त अभ्यासातून अगरवाल रुग्णांमागचा समान जनुकीय बदल उघड झाला. रुग्ण इतके विखुरलेले, की एकट्या इस्पितळाला हे जमलेच नसते.

बदल ठाऊक असेल तर वाहकांची, म्हणजे तो बदल बाळगणाऱ्या पण स्वतः निरोगी असलेल्यांची, चाचणी सोपी होते. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मग अशी चाचणी सहज का मिळू नये? केंद्राच्या दुर्मीळ आजारांविषयीच्या धोरणात उपचारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण उपचारच नसेल तर ती रक्कम काय कामाची?

चाचणीने मुलींची लग्ने मोडतील, समाजावर शिक्का बसेल, ही भीती खोटी नाही. (मुलांच्या लग्नांची काळजी त्या मानाने कमी ऐकू येते!) न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यूंनी १९८३मध्ये आपल्या समाजातल्या आनुवंशिक आजारांबाबतच्या अशाच भीतीवर तोड काढली. ‘दोर येशोरिम’ संस्था तरुणांना फक्त क्रमांक देते आणि जोडी जुळते की नाही, एवढेच सांगते. जोडी जुळली, तर कोण वाहक, हे कुणालाच कळत नाही.

दुर्मीळ आजारांचे केंद्र म्हणून मान्यता असलेले केईएम रुग्णालय, मेंदुविकारतज्ज्ञ आणि अगरवाल समाजाच्या संस्थांनी असा गोपनीय उपक्रम आखावा. सोबत रुग्णांची नोंदवहीही हवी. उद्या औषधाची चाचणी निघाली, तर इथली मुले कुठे आहेत हे संशोधकांना या नोंदवहीतूनच कळेल.

— एक वाचक, मुंबई