साताचा पाढा आणि कुत्र्याचे वय

‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे’ हे वाक्य इतक्यांदा कानी पडते की त्याचा पुरावा मागणे कोणाला सुचत नाही. माणूस साधारण सत्तर वर्षे जगतो, कुत्रा दहा, भागाकार सात. या भागाकारात एक गृहीतक दडले आहे: दोन्ही प्राण्यांचे वय आयुष्यभर एकाच प्रमाणात वाढते. ते खोटे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. एक वर्षाची कुत्री पिल्ले देऊ शकते. सात वर्षांच्या मुलाचे दुधाचे दातही पुरते पडलेले नसतात.

२०२० मध्ये ‘सेल सिस्टिम्स’ या नियतकालिकात टीना वँग, ट्रे आयडेकर आणि सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. वयानुसार डीएनएवर मेथिल गटांच्या रासायनिक खुणा बदलत जातात. १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या आणि ३२० माणसांच्या या खुणा ताडून पाहिल्यावर जे सूत्र मिळाले, ते असे:

मानवी वय = १६ × लॉग (कुत्र्याचे वय) + ३१

येथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. त्याचा अर्थ सोपा आहे. कुत्र्याचे वय दर वेळी दुप्पट झाले की मानवी वयात सुमारे ११ वर्षांची भर पडते. १, २, ४ आणि ८ वर्षांच्या कुत्र्याची मानवी वये अनुक्रमे ३१, ४२, ५३ आणि ६४ येतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीस वय वर्षाला १६ वर्षांच्या वेगाने धावते. आठव्या वर्षी तो वेग दोनवर येतो. गुणक स्थिर नसतो, हाच या संशोधनाचा गाभा.

मात्र साताचा पाढा टाकून हे सूत्र पाठ करणे म्हणजे एका पोपटपंचीच्या जागी दुसरी आणणे होय. सूत्राला मर्यादा असतात. वय शून्याकडे नेले की उत्तर ऋण अनंताकडे जाते. सात आठवड्यांच्या पिल्लाचे वयही शून्याखालीच येते. एक वर्षाचा लॅब्रॅडॉर ‘३१ वर्षांचा’ ठरतो तो रेणूंच्या घड्याळात; वागण्यात तो अजून पोरच असतो. शिवाय हे मोजमाप एकाच जातीचे आहे. लहान चणीचा पॉमेरेनियन अवाढव्य ग्रेट डेनपेक्षा साधारणपणे कितीतरी अधिक जगतो. दोघांना एकच सूत्र कसे लागू पडावे?

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जबलपूरच्या राइट टाउनमधील एखाद्या बंगल्यातल्या लॅब्रॅडॉरसाठी निदान एक सूत्र आहे. फाटकाबाहेरच्या गावठी कुत्र्यासाठी तेही नाही. त्याचा वंश, आहार आणि आयुष्य सारेच निराळे. ज्या शहरात १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील विद्यार्थ्यांनी हे मोजमाप हाती घेतले तर ते हौसेचे काम ठरणार नाही. आठ वर्षांच्या लॅब्रॅडॉरला साताच्या पाढ्याने ५६ वर्षांचा समजणारे घर निर्धास्त राहते. सूत्र त्याला ६४ वर्षांचा म्हणते. सांधे, दात आणि मूत्रपिंडे तपासण्याची वेळ या फरकातच निसटते.

वयाचा आकडा सांगणाऱ्याला म्हणून दोन प्रश्न विचारावेत: हे कशावरून मोजले आणि कोणत्या कुत्र्यावर?