पांढरे चॉकलेट आणि पाण्याचा एक थेंब

महागावहून (जि. यवतमाळ) एका भगिनीचे पत्र आले आहे. लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी घरच्या केकचे गोळे वळून काड्यांना लावले. मुले त्यांना ‘केक पॉप’ म्हणतात. गोळे छान झाले. पण वरून लावायचे पांढरे चॉकलेट वितळवायला घेतले, तर बघता बघता त्याचा रवाळ, घट्ट गोळा झाला. पातळ व्हावे म्हणून चमचाभर दूध घातले, तर ते अधिकच बिघडले. “नागपूरहून मुद्दाम मागवलेली चारशे ग्रॅमची लादी फुकट गेली. आता दिवाळीला पुन्हा करायचे आहेत, तेव्हा नीट सांगा,” असे त्या लिहितात.

ताई, घात केला तो दुधाने, आणि बहुधा त्याआधी वाफेने. चॉकलेट पातळ दिसते म्हणून ते पाण्यासारखे पातळ आहे असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. ती सगळी चरबी असते, आणि तिच्यात साखर व दुधाची भुकटी कोरडी तरंगत असते. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की कसे गठ्ठे होतात? अगदी तेच इथे होते. थेंबभर पाण्याने साखर चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि सगळे आळून बसते. तेव्हा भांडे, चमचा, हात सगळे खडखडीत कोरडे हवे. लाकडी कालथा नकोच, तो आतून ओल धरून ठेवतो.

आता आणताना काय पाहावे ते. वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचा. ‘कोको बटर’ लिहिले असेल तर ते खरे पांढरे चॉकलेट. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे त्यात निदान २० टक्के कोको बटर असावे लागते. ‘व्हेजिटेबल फॅट’ लिहिले असेल तर ते ‘कंपाउंड’. चवीला खरे चॉकलेट वरचढ, यात वादच नाही. कंपाउंड जिभेवर जरा मेणचट लागते. तरीसुद्धा विदर्भातल्या मैत्रिणींना मी वरच्या लेपासाठी कंपाउंडच घ्या असे सांगेन. कारण असे, की कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळते. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ ला टेकतो, म्हणजे स्वयंपाकघरच चॉकलेटपेक्षा गरम! शिवाय खऱ्या चॉकलेटचा लेप चकचकीत आणि कडक बसायला ते ४०-४५ अंशांपर्यंत वितळवून, २६-२७ पर्यंत निववून, पुन्हा २८-२९ वर आणावे लागते. थंड खोलीत बसलेल्या हलवायाला ते जमेल. आपल्याला मागे पोरे उभी असताना कसे जमायचे? कंपाउंडला ही यातायात नाही, वितळवा आणि बुडवा. ‘चिप्स’ मात्र घेऊ नका. त्या भट्टीत आकार टिकावा अशा बेताने केलेल्या असतात, पातळ होऊन वाहत नाहीत.

उन्हाळ्यात नागपूरकडून मागवायचे तर रात्रीच्या गाडीने मागवा, दुपारच्या गाडीत लादीचा लगदा होतो. वितळून पुन्हा घट्ट झालेली, वर पांढुरकी झाक आलेली लादी खराब नसते, ती खुशाल वापरा. फ्रीजमध्ये ठेवली असेल तर बाहेर काढल्यावर वेष्टन न उघडता तासभर तशीच राहू द्या. लगेच उघडली तर तिच्यावर दव धरते, आणि दव म्हणजे पाणीच की!

वितळवण्याची रीत अशी. लादी सुरीने बारीक चिरा. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळवून गॅस बंद करा. हो, बंदच करा! त्यावर पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठे, कोरडे स्टीलचे वाडगे ठेवा, म्हणजे वाफ कडेने वर येऊन आत शिरत नाही. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका आणि वर झाकणही ठेवू नका, झाकणाखाली घाम सुटतो. चिरलेले चॉकलेट दोन भाग घाला, हलक्या हाताने ढवळा, निम्मे वितळले की उरलेला एक भाग घालून वाडगे खाली उतरवा. बाकीचे आपल्याच उबेने वितळते. पांढऱ्या चॉकलेटात दूध असल्यामुळे ते काळ्यापेक्षा लवकर करपते. थेंब खालच्या ओठाला लावून पाहा, कोमट लागला की पुरे. चटका बसला तर फार तापले. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या शक्तीवर वीस-वीस सेकंद, आणि दर वेळी बाहेर काढून ढवळायचे.

दाट वाटले तर शंभर ग्रॅमला एक छोटा चमचा वनस्पती तूप किंवा खाण्याचे खोबरेल घाला. लोणी नको, त्यात पाणी असते. दुधात खललेले केशर, गुलाबपाणी, बाटलीतला पातळ रंग यांचा मोह आवरा, कारण त्या सगळ्यांत पाणी आहे. रंग हवाच असेल तर तेलात मिसळणारा मागून घ्या.

गोळे पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये घट्ट करा, बर्फासारखे दगड नकोत. फार थंड गोळा बुडवला तर लेपाला तडे जातात. काडीचे टोक आधी चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात निम्म्यापर्यंत खोचा, म्हणजे गोळा गळून पडत नाही. चॉकलेट उभट पेल्यात ओता, गोळा एकदाच सरळ बुडवून सरळ वर काढा, आणि मनगटावर हलकेच टिचकी मारून जास्तीचे गाळून टाका. आत ढवळत बसलात तर केकचा चुरा पेल्यात उतरलाच म्हणून समजा. मग काड्या उभ्या कशात करायच्या? त्यासाठी थर्माकोल शोधत फिरू नका. डबाभर ज्वारी घ्या, वर कागद बांधा आणि त्यात काड्या खोचा. हलत नाहीत की कलंडत नाहीत. लिंबाएवढ्या अठरा-वीस गोळ्यांना पाव किलो चॉकलेट लागते.

वाळवताना कूलरच्या झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते, लेप चिकट होतो. साध्या पंख्याखाली ठेवा. उन्हाळ्यात हे काम पहाटे, ऊन चढायच्या आत उरकलेले बरे.

आणि बिघडलेच तर? करपल्याचा वास येत असेल तर टाकून द्या, पर्याय नाही. पण पाण्याने आळलेले टाकू नका. महागावच्या ताईंनी एक चमचा दूध घातले म्हणून बिघडले, पण आणखी तीन-चार चमचे कढत दूध एकेक करून घालून घोटले असते तर साखर पुरती भिजून ते मऊ, सायीसारखे झाले असते. लेप त्याचा होत नाही. पण पुढच्या वेळी केकचा चुरा मळायला कंडेन्स्ड मिल्कऐवजी ते घाला, गोळे सुरेख वळतात. असे मिश्रण फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

चांगले वितळलेले थोडे उरले असेल, तर त्यात भाजून सोललेले शेंगदाणे घाला, बटर पेपरवर चमच्याने छोटे ढीग घाला आणि गार होऊ द्या. वाढदिवसाच्या पाहुण्यांना जाताना हातावर ठेवायला बरे पडतात.